लंगडा केरवा

माथेरानला माझा कीबोर्ड घोड्यावरून जातो आणि मी पायी जातो. दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला मज्जाव आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण तो मज्जाव आपल्या सामानालाही भोवतो हे टॅक्सीतून उतरल्यावरच कळतं. पुढे अमन लॉजहून शटल आहे, आता ई-रिक्षाही आल्यात. पण शनिवारी शटलच्या तिकिटाला जी रांग लागते, तिच्यात साडेतीन फुटी काळी पिशवी खांद्याला लावून उभं राहिलं की मागचा हमखास विचारतो, "काका, आत बंदूक आहे का?" त्यापेक्षा घोडा बरा. खोगिरावर कीबोर्ड आडवा टाकून दोरीने करकचून आवळला, की तांबड्या मातीतून आमची वरात निघते. समोरून हातात हात घालून येणारी नवपरिणीत जोडपी त्या आडव्या पिशवीमुळे क्षणभर तरी विभक्त होतात. तेवढंच माझं समाजकार्य.

मी राहतो नेरळला. बँकेतून निवृत्त झालो आणि वाजवायला लागलो. आधी घरात, मग घरातल्यांच्या विनंतीवरून घराबाहेर. शनिवार-रविवारी माथेरानातल्या एका हॉटेलात संध्याकाळी दोन तास वाजवतो. सूप आणि हाउजी यांच्यामध्ये जी फट असते, ती बुजवणं हे माझं काम. सूप लांबलं तर मी लांबतो. हाउजीचे आकडे पुकारणारा मुलगा आला की मी जिथे असेन तिथे संपतो, मग तो अंतरा असो की तिहाई.

हॉटेलातले सगळे माझ्या वाद्याला 'कॅसिओ' म्हणतात. तो कॅसिओ नाही. पण आपल्याकडे जसं प्रत्येक वनस्पती तुपाला डालडा म्हणायची पद्धत होती, तसा प्रत्येक कीबोर्ड कॅसिओच. 1980 साली त्या कंपनीचं पहिलं कॅसिओटोन बाजारात आलं. त्यानंतर गणेशोत्सवाच्या मांडवापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत 'कॅसिओवर कोण आहे?' हाच प्रश्न. शिवाय माझ्याकडे कुणी गाणं 'वाजवा' म्हणत नाही. 'लावा' म्हणतात. "काका, झिंगाट लावा ना!" गिझर लावा, कुकर लावा, तसं.

यात त्यांची चूक नाही. डाव्या हाताने एक कॉर्ड दाबली की आतून ढोल, बास, गिटार, व्हायोलिनं असे सहा-आठ जण एकदम सुरू होतात आणि मी उजव्या हाताने त्यांच्यावरून चाल फिरवतो. या सहा-आठ जणांच्या ठरलेल्या वाजवण्याला 'स्टाईल' म्हणतात. प्रत्येक स्टाईलला एक इंट्रो, चढत्या भाजणीचे तीन-चार मेन, मध्ये फिल आणि शेवटी एंडिंग. मेन ए म्हणजे घरातली सकाळ, मेन डी म्हणजे त्याच घरात सासरची मंडळी आल्यावर. फिल म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना उंबऱ्याला लागलेली ठेच. आणि एंडिंग दाबलं की कुणाचं काही ऐकून न घेता सगळे आवरायला लागतात.

अडचण अशी की या स्टाईली कारखान्यातून येतात. पोल्का, बोसा नोव्हा, साम्बा, वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट. मी पहिल्या वर्षी गणपतीच्या आरतीला पोल्का लावला होता. बेताने लावला होता, पण पोल्का बेताने लागत नाही. दुसऱ्या कडव्याला आरतीचं तबक धरलेल्या वहिनी टाचा उचलायला लागल्या. अभंगाला बोसा नोव्हा लावून पाहिला. विठोबाचे हात कमरेवरच राहिले, पण कंबर हलतेय असा भास झाला. यामाहाने खास भारतासाठी 'आय' मालिकेचे कीबोर्ड काढले, त्यांत तबला, तानपुरा, देशी ठेके आहेत. पण ते दुसऱ्यांकडे असतात. माझा कीबोर्ड सेकंडहँड, आणि त्याचा आधीचा मालक बहुधा बॉलरूममध्ये राहत असावा.

मग मी बाजारातून 'मराठी सुपरहिट पाचशे स्टाईल' असा पेनड्राइव्ह आणला. पाचशेतल्या दोनशे एकच होत्या, नुसती नावं वेगळी. 'कोळीगीत 1' ते 'कोळीगीत 14' यांत फरक एवढाच, की होडी किनाऱ्यापासून थोडी थोडी लांब जात होती. 'लावणी नवीन' लावली तर तिच्यातून एक माणूस 'हा!' असं ओरडला. कुणीतरी कुठल्या तरी कार्यक्रमात ओरडलेलं, ते तसंच आत राहून गेलेलं. आता बाराव्या मात्रेला तो दरवेळी ओरडतो. हाउजीवाला मुलगा त्याला ओळखीचा समजून हसतो.

एक काळ असा होता की माझ्याबरोबर तबल्याला माझा शाळासोबती असायचा. त्याची साथ म्हणजे अर्धी साथ आणि अर्धा रुसवा. मी लय वाढवली की तो डोळे वर करायचा, मी चुकलो की सम अशी जोरात द्यायचा की सगळ्या गावाला कळावं, आणि मी बरोबर वाजवलं तर त्याला वाटायचं, तबला कमी पडला. शेवटी तो म्हणाला, "तुझा तो डबा म्हणजे वाद्यच नव्हे." मी त्याला पेटीची गोष्ट सांगितली. आज शास्त्रीय गायकाशेजारी ऐटीत बसणाऱ्या पेटीवर आकाशवाणीने 1940मध्ये बंदी घातली होती. ती उठायला 1971 उजाडावं लागलं. तो म्हणाला, "मग एकतीस वर्षांनी ये." आणि गेला. पुढे मी डब्याशीच संसार मांडला. डबा रुसत नाही. डबा थांबतही नाही. श्वास घ्यायला अर्धी मात्रा उशीर झाला तर तबलजी नुसता डोळे वटारतो. डबा तसाच पुढे निघून जातो आणि आपण चुकलेल्या गाडीमागे धावणाऱ्या माणसासारखे उरलेली ओळ उरकतो.

स्वतःची स्टाईल बनवायची हा विचार मला आला तो एका जपानी बाईमुळे. हिरोको ओकुदा हे तिचं नाव. 1980 साली ती संगीताचं शिक्षण संपवून कॅसिओत नोकरीला लागली आणि तिला एका छोट्या कीबोर्डाचे ठेके बनवायला सांगितले. त्यातला 'रॉक' नावाचा एक ठेका तिने बनवला. काही वर्षांनी तो छोटा कीबोर्ड जमैकात कुणाच्या तरी हाती लागला, त्या ठेक्याची लय जरा कमी केली गेली, आणि 1985 साली त्यावर वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं निघालं. पुढे त्या एकाच ठेक्यावर जमैकात शेकड्यांनी गाणी झाली. एका बाईने ऑफिसात बसून केलेलं काम, आणि अख्खं बेट त्यावर नाचतंय. मी बँकेत छत्तीस वर्षं काम केलं, माझ्या कामावर एकही माणूस नाचला नाही. एकदा लॉकरची किल्ली हरवली तेव्हा मॅनेजर नाचले होते, तेवढेच.

तेव्हा ठरवलं: माथेरानची म्हणून एक स्टाईल आपण करायची.

पहिला उमेदवार अर्थातच आमची नेरळ-माथेरान गाडी. पीरभॉयांनी 1907 साली सुरू केलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची. एकवीस किलोमीटरांना दोन-अडीच तास घेणारी गाडी म्हणजे विलंबित ख्यालच. मी मोबाइल घेऊन जुम्मापट्टीपर्यंत रेकॉर्डिंग केलं. घरी ऐकलं, तर ठेका सापडेना. सरळ रुळावर एक लय, चढावर दुसरी, वळणावर चाकं रुळाला घासून अशी किंचाळतात की तार सप्तकातला निषाद. स्टाईलला मिनिटाला इतके ठोके असा एक आकडा द्यावा लागतो, आणि ही गाडी कुठलाच आकडा कबूल करत नाही. वन किस बोगद्याचा मात्र मोह होता. नावाप्रमाणे तो इतका आखूड, की स्टाईलमधला एक मात्रेचा ब्रेक म्हणून जसाच्या तसा बसला असता. पण बोगदा तेवढा घेऊन गाडी सोडायची कशी? गाडीचा नाद सोडला.

दुसरा उमेदवार दारातच होता. हॉटेलच्या व्हरांड्यासमोर घोडे उभे असतात. इतकी वर्षं त्यांच्या टापा ऐकत होतो, पण मोजल्या नव्हत्या. मोजल्या तर थक्क झालो. घोडा सावकाश चालतो तेव्हा चारही खूर एकामागून एक पडतात, चार सरळ मात्रा. दुडक्या चालीला लागला की कर्णातले दोन-दोन पाय जोडीने पडतात, दोन मात्रा. त्याहून पुढे उडत निघाला की तीन ठोके आणि एक हवेतली जागा. म्हणजे चालला तर केरवा, उडाला तर दादरा! सगळा सुगम संगीताचा पाया माझ्यासमोर उभा राहून गवत खात होता.

दोन शनिवार मी फक्त खूर बघितले. क्रम वहीत उतरवला: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. अशी दोन पावलं म्हणजे आठ मात्रांचा केरवा पुरा. मातीवर खूर दबका पडतो, पेव्हरब्लॉकवर खणखणीत. म्हणजे मेन ए मातीचा, मेन सी पेव्हरचा. आणि फिल? मध्येच घोडा माशा उडवायला मान झटकतो आणि गळ्यातली घुंगरं वाजतात: छन्न्-छन्-छन्. देवाने याहून चांगलं फिल केलेलं नाही.

मी असा वाकून खुरांकडे बघत असताना घोडेवाले काका शेजारी येऊन उभे राहिले. "मास्तर, काय हरवलं?"

"ठेका," मी म्हणालो.

"मग मिळंल. इथं चोऱ्या नाय होत."

आता प्रत्यक्ष बनवणं. भाचा मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्या लॅपटॉपवर बसलो. स्टाईल बनवण्याची रीत ऐकून मला आमच्या एकत्र कुटुंबाची आठवण झाली. सगळ्या वादकांनी आधी सी मेजर सेव्हन या एकाच कॉर्डमध्ये वाजवून ठेवायचं. पुढे कार्यक्रमात आपण जी कॉर्ड दाबू, तिच्याप्रमाणे यंत्र त्या सगळ्यांना उचलून नव्या जागी नेऊन बसवतं. कुणी कसं हलायचं तेही आधी सांगून ठेवायचं. काही जण 'रूट ट्रान्स', म्हणजे यजमान उठला की वळकटीसकट उठणारे. काही 'रूट फिक्स्ड', म्हणजे आपल्या खुर्चीतून न हलता नुसते कूस बदलणारे. आणि ढोलकी-तबल्याला सांगायचं, की बाबा, तुझा या कॉर्डच्या भानगडीशी काही संबंध नाही, तू तुझं काम कर. घरात असा एक जावई असतोच.

खुरांसाठी भाच्याने वुडब्लॉकचे दोन आवाज घेतले, एक वरचा, एक खालचा. टापा मी स्वतः बोटांनी वाजवल्या: तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी. रेकॉर्डिंगची तऱ्हा अशी, की दोन बारचा तुकडा गोल गोल फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीला आपण एकेक थर चढवायचा. पहिल्या फेरीत टापा, दुसरीत ढोलकी, तिसरीत घुंगरं, चौथीत बास, पाचवीत बायको चहा घेऊन आली ती कपबशी. ती कपबशी काढताना पाऊण तास गेला, कारण भाच्याला ती आवडली होती.

सगळं झालं. पेनड्राइव्हवर उतरवलं, कीबोर्डाला लावलं, डाव्या हाताने सी दाबला. टपाक्-टपाक्-टपाक्-टपाक्. डोळ्यांत पाणी आलं. मग एफ दाबला, आणि घोड्याचा एक खूर 'ठण्ण्' वाजला, देवळात कुणीतरी नैवेद्य दाखवावा तसा.

पुन्हा सी: टपाक्. पुन्हा एफ: ठण्ण्.

भाच्याला फोन लावला. तो बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, "मामा, घोडा चुकून कॉर्डच्या चॅनेलवर गेलाय. एफ दाबला की सगळ्या सुरांसारखा तोही पाच घरं वर सरकतो. पण ताल-वाद्यांच्या पट्टीत प्रत्येक घरात वेगळं वाद्य राहतं. वरच्या वुडब्लॉकच्या पाच घरं वर ट्रायँगल राहतो." म्हणजे आमच्या घोड्याने जावयाच्या नियमाने वागायचं, तर तो वळकटी घेऊन शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभा राहत होता. त्याला परत ठेक्याच्या चॅनेलवर आणून बांधलं. आता कुठलीही कॉर्ड दाबा, घोडा घोडाच.

त्या शनिवारी सूप लवकर आलं, म्हणून मी जाहीर न करता नवी स्टाईल सोडली. पाहुण्यांना काही कळलं नाही. एका मुलीने फक्त मागे वळून रस्त्याकडे बघितलं. मी समजलो की जिंकलो. कार्यक्रम संपल्यावर घोडेवाले काका व्हरांड्याच्या पायरीशी आले. चेहरा गंभीर.

"मास्तर, नाल ढिली हाय."

मी म्हणालो, "काका, नाल मी घेतलीच नाही. ढोलकीचा टोन आहे तो."

"वाजवायची नाल नाय हो. पायाची. तुमचा घोडा लंगडतोय. मागचा उजवा."

मी वही काढली. मागचा उजवा म्हणजे तिसरा ठोका. तिसरा ठोका म्हणजे माझी अनामिका. हे बोट सगळ्यांचंच जरा पराधीन. शेजारच्या बोटांशी स्नायुबंधाने बांधलेलं, एकटं उचलू म्हटलं तर उचलत नाही. माझं तर निवृत्त झालेलं. दर चारातला तिसरा ठोका केसभर उशिरा पडत होता. भाचा सॉफ्टवेअरमध्ये, मी इतकी वर्षं वाजवतोय, कुणाच्या कानाला ते लागलं नाही. ज्यांनी आयुष्यात कीबोर्डाला हात लावलेला नाही, त्यांनी पन्नास फुटांवरून पायसुद्धा सांगितला.

उपाय सोपा होता. क्वांटाइझ नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की पुढेमागे पडलेले सगळे ठोके कवायतीत उभे केल्यासारखे आपापल्या रेषेवर जातात. भाच्याने दाबलं. पुढच्या शनिवारी मी काकांना मुद्दाम बोलावून ऐकवलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "आता नाय लंगडत. पण आता जत्रंतला झाला. त्यो गोल फिरतो ना, लाकडी?"

मला हे मनात मान्य होतं. म्हणून मी चिडलो. म्हटलं, "काका, सगळं जग आता यंत्रावर वाजवतं." आणि मग मी त्यांना, ऐकून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून, चरणजित सिंगांची गोष्ट सांगितली. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे मुंबईचे वादक. 1982 साली त्यांनी रोलंड कंपनीची नवी यंत्रं घेतली आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक तबकडी काढली. त्यांतलं टीबी-303 हे यंत्र मुळात एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. साथीदार म्हणून ते कुणाला पसंत पडेना, 1984मध्ये कंपनीने ते बंद केलं. मग शिकागोच्या पोरांना ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं आणि त्याच्यातून ॲसिड हाउस नावाचं संगीत निघालं. त्याच यंत्रावर चरणजित सिंगांनी त्या पोरांच्या आधीच भैरव वाजवून ठेवला होता. 2010मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चाट पडले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "मग त्यांचा घोडा लंगडायचा का?"

"नाही. त्यांना घोडाच नव्हता."

"हां," ते म्हणाले, जणू तिथेच सगळा उलगडा झाला.

मग मधला मार्ग. क्वांटाइझ पूर्ण न करता साठ टक्के करता येतं. म्हणजे उशिरा पडणाऱ्या ठोक्याला रेषेकडे ढकलायचं, पण रेषेवर न्यायचं नाही. भाच्याने साठ टक्के केलं. काकांचं निदान: "बरा झाला, पण अंगचोर हाय. ओझं दिलं की बसंल." सत्तर केलं: "आता तरणा हाय, पण घाबरतोय." ऐंशीला त्यांनी काहीच न बोलता तंबाखू मळली. शेवटी मी विचारलं, तुम्हाला यातला कुठला पसंत? ते जराही न थांबता म्हणाले, "पयला. लंगडा."

"तुम्हीच तर नावं ठेवली त्याला!"

"नावं म्हंजे? लंगडतोय तर लंगडतोय म्हणायचं. पन त्यो चालत होता. बाकीचे नुसते वाजतायत."

माझ्या तबलजी मित्राला मी हे अजून सांगितलेलं नाही. त्याची एकतीस वर्षं पुरी व्हायची आहेत. लंगडा केरवा मात्र मी ठेवला. त्यावर काय वाटेल ते गाता येतं. एकदा पुण्याच्या एक आजी माइक घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिसऱ्या मात्रेवर श्वास घेतला. तिथेच तर माझी अनामिका उशीर करते. आजींना वाटलं, मी त्यांच्यासाठी थांबलो. कार्यक्रमानंतर त्यांनी माझ्या हातात शंभराची नोट ठेवून "साथ फार समजूतदार आहे हो" म्हटलं. मी अनामिकेकडे बघितलं. ती वळलेलीच होती.

मागच्या महिन्यात काकांनी ती स्टाईल मोबाइलवर मागून घेतली. रिंगटोन म्हणून. परवा दस्तुरीला उतरलो, कीबोर्ड त्यांच्या घोड्यावर आडवा बांधला, आणि आम्ही निघतोय तोच त्यांच्या खिशात टपाक्-टपाक् सुरू झालं. घोडा जागच्या जागी थांबला. कान मागे गेले. वळून त्याने खिशाकडे असं बघितलं, की आत कोण चाललंय.

फोन वाजतच होता. हॉटेलचा असणार, सूप तयार होतं. मी म्हटलं, "काका, घ्या ना."

त्यांनी हात वर केला. "थांबा मास्तर. आता घुंगरं येतील."